वाद खेळाडूंचे, फटी नियमांच्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक पातळीवरच्या दोन महिला बुद्धिबळपटूंमध्ये काही खटकलं की बातमीत काय असणार, हे आधीच सांगता येतं. एकीनं धड हात मिळवला नाही, दुसरीचे डोळे भरून आले, दोघींमध्ये म्हणे पूर्वीपासूनच धुसफूस होती. घड्याळात किती सेकंद उरले होते, बरोबरी फोडायचा नियम कोणता होता, हरकत कधी आणि कोणाकडे घेतली, हे मात्र शोधूनही सापडत नाही. वाद पुरुषांचा असला की हेच प्रश्न पहिल्या परिच्छेदात येतात. हा फरक टोचतो, म्हणून हे लांबलेलं पत्र.

महिला बुद्धिबळातले गाजलेले वाद एकेक करून उलगडून पाहिले, तर बहुतेकांच्या मुळाशी नियमातली एखादी फट निघते. कुठे नियम लिहिणाऱ्यांनी पुढचा विचार केलेला नसतो, कुठे यजमानाची सोय बघितलेली असते. खेळाडू त्या फटीत सापडतात आणि भांडण त्यांच्या नावावर लागतं.

१९९३ चं मोनॅको घ्या. हंगेरीची सुसान पोल्गार आणि जॉर्जियाची नाना इओसेलियानी यांच्यात सामना होता. जिंकेल तिला विश्वविजेत्या शी जूनला आव्हान द्यायची संधी होती. आठ डाव झाले, ४–४. जादा डाव खेळवले, तरी बरोबरी सुटेना. पुढे काय करायचं याचं नियमातलं उत्तर होतं, चिठ्ठी टाका. चिठ्ठी इओसेलियानीच्या नावाची निघाली. त्यानंतर ती शी जूनकडून ८.५–२.५ अशी हरली, आणि तीन वर्षांनी स्पेनमधल्या हाएन इथे पोल्गारनं त्याच शी जूनवर ८.५–४.५ अशी मात केली. त्यामुळे इओसेलियानीला नुसती नशीबवान म्हणून मोडीत काढायची पद्धत पडली. ते मला मुळीच मान्य नाही. आठ डावांत तिनं पोल्गारशी बरोबरी राखली होती आणि १९८८ मध्ये माया चिबुर्दानिद्झेविरुद्धचा विश्वविजेतेपदाचा सामना ती अवघ्या एका गुणानं, ८.५–७.५ असा, हरली होती. दोघींतली सरस कोण, हे पटावर ठरवायची सोयच ठेवलेली नव्हती. राग यायचा असेल तर त्याचा यावा.

त्याआधीची रीतही फार वेगळी नव्हती. १९८१ मध्ये विश्वविजेती चिबुर्दानिद्झे आणि तिला आव्हान देणारी नाना अलेक्झांड्रिया यांचा सामना ८–८ असा सुटला आणि मुकुट विजेतीकडेच राहिला, कारण बरोबरीत विजेतीचं पद कायम, असा नियम होता. त्याला निदान एक तर्क होता. आव्हान देणारीनं हरवून दाखवावं, आणि ही अट पहिली चाल होण्याआधी दोघींना ठाऊक असे. चिठ्ठीला असा कोणताच आधार नाही.

आता विश्वचषकात दोन पारंपरिक डाव होतात. बरोबरी झाली तर जलद डावांची जोडी, मग त्याहून कमी वेळाची, आणि अगदीच सुटेना तर तीन मिनिटं अधिक प्रत्येक चालीमागे दोन सेकंद असे एकेक डाव, कोणीतरी जिंकेपर्यंत. २०२५ मध्ये बातुमी इथे कोनेरू हम्पी आणि दिव्या देशमुख यांची अंतिम लढत पारंपरिक डावांत १–१ राहिली. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. एक ३८ वर्षांची, दुसरी १९ वर्षांची, पणाला विश्वचषक आणि त्यासोबत दिव्यासाठी थेट ग्रँडमास्टर किताब. याहून मोठी चुरस काय असते? तरीही निकालावर कोणी बोट ठेवलं नाही, कारण बरोबरी कशी फोडायची याची पायरीन् पायरी आधीच लिहून ठेवलेली होती.

सर्वांत बदनाम झालेला प्रसंग मे २००८ मधला, अमेरिकेतल्या तल्सा शहरातला. अमेरिकी महिला अजिंक्यपदासाठी आना झातोनस्किह आणि इरिना क्रश बरोबरीत होत्या, आणि निकाल एका आर्मागेडन डावावर आला. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव एकच, पांढऱ्याला वेळ जास्त, काळ्याला कमी, आणि बरोबरी झाली तर काळी जिंकली असं धरायचं. क्रशकडे पांढरी मोहरी आणि सहा मिनिटं होती, झातोनस्किहकडे काळी आणि साडेचार मिनिटं. चालीमागे वाढीव वेळ शून्य.

सगळी गोम या शून्यात आहे. एक चाल करायची म्हणजे हात पटावर न्यायचा, मोहरा उचलायचा, नव्या घरात ठेवून सोडायचा आणि त्याच हातानं घड्याळ दाबायचं. वाढीव वेळ नसला की शेवटच्या वीस सेकंदांत कोणाचा डाव चांगला याला काही किंमत उरत नाही. कोणाचा हात चपळ, एवढंच उरतं. मोहरी आडवी पडतात, राजा दोन घरांच्या मधोमध जातो, समोरचीनं घड्याळ दाबायच्या आत आपला हात पुढे सरकतो. तल्सात हे सगळं झालं. क्रशची वेळ संपली तेव्हा झातोनस्किहच्या घड्याळात एक सेकंद होता. क्रशनं राजा झटकून दिला आणि ती उठून गेली. चित्रफीत जगभर फिरली ती त्या राजाची.

नियम काय सांगतो ते बघा. मोहरा ठेवला की चाल केली गेली, पण ती पूर्ण होते घड्याळ दाबल्यावर. ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ. मोहरी पाडली तर ज्यानं पाडली त्यानं ती स्वतःच्या वेळेत नीट लावायची, म्हणजे आधी लावायची आणि मग घड्याळ दाबायचं. समोरचीनं मोहरी पाडून तसंच घड्याळ दाबलं, तर आपण चाल न करता घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं. तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. आपण चाल केल्यावर प्रतिस्पर्ध्यानं लगेच उत्तराची चाल केली, तरी आपलं घड्याळ दाबण्याचा आपला हक्क जात नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत हे स्पष्ट आहे. झातोनस्किह आपल्या वेळेत चाली करू लागली होती, असं म्हणत क्रशनं नंतर उघड पत्र लिहिलं आणि दोघींना संयुक्त विजेत्या ठरवा अशी मागणी केली. झातोनस्किहनंही जाहीर उत्तर दिलं. निकाल बदलला नाही. माझ्या मते निकाल बदलायला नकोच होता, कारण असल्या डावातली हरकत डाव चालू असतानाच घ्यावी लागते. पण क्रशचं दुखणं खोटं नव्हतं. वर्षाचं अजिंक्यपद वाढीव सेकंदाविना ठरवायचं, हा निर्णय तिचाही नव्हता आणि झातोनस्किहचाही नव्हता.

या दोघी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ड्रेस्डेनच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, अमेरिकेच्या एकाच संघातून खेळल्या आणि त्या संघानं कांस्यपदक मिळवलं. ही बातमी मात्र त्या चित्रफितीच्या शतांशानंही पसरली नाही.

उपाय साधा होता आणि तो आला. नॉर्वे चेसच्या महिला स्पर्धेत पारंपरिक डाव बरोबरीत सुटला की आर्मागेडन खेळतात, पांढऱ्याला दहा मिनिटं आणि काळ्याला सात. पण ४१ व्या चालीपासून प्रत्येक चालीला एक सेकंद मिळतो. एक सेकंद ऐकायला काहीच नाही, पण मोहरा नीट ठेवून घड्याळ दाबायला तो पुरतो, आणि मोहरी उधळायचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. त्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कमही पुरुषांइतकीच असते, हेही नोंदवून ठेवते.

वेळेत हरकत न घेतल्यानं काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण १९९४ च्या लिनारेस स्पर्धेतलं. गॅरी कास्पारोवनं घोडा एका घरात ठेवला, क्षणभर बोटं सुटली, आणि मग त्यानं तो उचलून दुसरीकडे ठेवला. समोर सुसानची धाकटी बहीण, १७ वर्षांची जुडिट पोल्गार होती. बोटं सुटल्याचं चित्रणात दिसतं. तिनं हरकत घेतली नाही आणि डाव हरली. मोहऱ्याला हात लावला तर तोच खेळायचा, सोडला तर तिथंच राहायचा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. त्याला जोडलेली अट कमी लोकांना माहीत असते. समोरच्यानं हा नियम मोडल्यावर आपण चाल करायच्या हेतूनं आपल्या मोहऱ्याला हात लावला की हरकतीचा हक्क संपला. नंतर चित्रफीत दाखवून उपयोग नाही. म्हणून अशा वेळी हात मांडीवर ठेवायचे, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला हाक मारायची. समोरची कितीही मोठी खेळाडू असली तरी हाच क्रम.

तीच गत तीनदा आलेल्या स्थितीची. बरोबरी मागायची तर ज्या चालीनं ती स्थिती तिसऱ्यांदा येणार, ती चाल स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला सांगायचं. बऱ्याच जणी उत्साहात चाल पटावर करून बसतात, मग ती मागणी त्या वेळेपुरती गेली. मागणी चुकीची निघाली तर समोरचीला दोन मिनिटं वाढवून मिळतात. प्यादं शेवटच्या घरात पोचवताना जास्तीचा वजीर आधीच हाताशी घेऊन ठेवावा, कारण वजीर न ठेवता घड्याळ दाबलं तर ती नियमबाह्य चाल ठरते, आणि वजीर सापडेना म्हणून उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरतात. घाईच्या डावांतली कित्येक भांडणं एवढ्याशा गोष्टींवरून पेटतात.

आता जागेचा प्रश्न. याच्याइतका वाद क्वचितच कशानं पेटला असेल. १९९७ मध्ये ग्रोनिंगन इथल्या कँडिडेट्स, म्हणजे आव्हान देणारी निवडायच्या, स्पर्धेत रशियाची अलिसा गाल्यामोवा पहिली आणि चीनची शी जून दुसरी आली. विश्वविजेत्या सुसान पोल्गारला कोण भिडणार हे ठरवायला या दोघींचा सामना व्हायचा होता, आणि तो पूर्णपणे चीनमध्ये ठेवला गेला. गाल्यामोवानं त्याला हरकत घेतली आणि ती खेळायला गेली नाही. शी जूनला न खेळताच विजयी ठरवलं. तेव्हा लिहिलं गेलं ते गाल्यामोवाच्या हट्टाबद्दल. पण विचार करा, स्पर्धेत पहिली आलेली खेळाडू दुसरी आलेलीच्या घरी जाऊन संपूर्ण सामना खेळणार, हे कुठल्या न्यायात बसतं? महिनाभर परक्या ठिकाणी राहायचं, झोपेचं चक्र बदललेलं, जेवण वेगळं, आणि समोरचीला सगळं घरचं. १९९९ मध्ये याच दोघी खुद्द विश्वविजेतेपदासाठी भिडल्या तेव्हा सामना अर्धा कझानमध्ये आणि अर्धा शेनयांगमध्ये झाला. शी जून ८.५–६.५ अशी जिंकली आणि जागेवरून कुरबूर झाली नाही. खेळाडू त्याच होत्या, बदलला तो फक्त करार.

ही अर्ध्या-अर्ध्याची पद्धत आता रुळली आहे. २०२० मध्ये चीनची जू वेन्जून आणि रशियाची अलेक्सांद्रा गोर्याच्किना यांचा विश्वविजेतेपदाचा सामना शांघाय आणि व्लादिवोस्तोकमध्ये विभागला होता. बारा डाव ६–६ झाले, जलद डावांत जू २.५–१.५ अशी जिंकली. २०२३ मध्ये जू आणि लेई तिंगजी या दोघीही चीनच्याच असूनसुद्धा सामना शांघाय आणि चोंगचिंगमध्ये वाटला, कारण जू शांघायची आणि लेई चोंगचिंगची. एकाच देशातही घरचं मैदान असतं, हे आयोजकांनी ओळखलं. २०२५ मध्ये जू आणि तान झोंगयी यांच्या वेळीही तीच दोन शहरं होती.

सुसान पोल्गारचं प्रकरण याहून जुनं आणि जास्त कडवट आहे. १९८६ च्या अखेरीस फिडेनं ठरवलं की महिला खेळाडूंच्या येलो गुणांत, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या मानांकनात, सरसकट १०० गुण वाढवायचे, फक्त सुसान पोल्गारचे नाहीत. जानेवारी १९८७ च्या यादीत त्यामुळे चिबुर्दानिद्झे तिच्या पुढे गेली. १०० गुण म्हणजे किती? येलो पद्धतीत १०० गुणांनी वर असलेल्या खेळाडूकडून १०० डावांत साधारण ६४ गुणांची अपेक्षा धरतात. एवढा फरक एकही चाल न खेळता कागदावर तयार झाला.

फिडेची बाजू अशी होती, की महिला मुख्यतः आपापसांत खेळतात, त्यामुळे त्यांचे गुण पुरुषांच्या तुलनेत दबलेले आहेत, आणि पोल्गार पुरुषांशी खेळते म्हणून तिचे गुण आधीच बरोबर आहेत. यातला पहिला भाग गणिताच्या दृष्टीनं अगदीच टाकाऊ नाही. येलो गुण हे सापेक्ष माप आहे. बंद गटात खेळणाऱ्यांचे गुण बाहेरच्या गटाशी जुळतीलच असं नसतं. पण मग प्रत्येकीचे पुरुषांविरुद्धचे डाव मोजून तेवढीच दुरुस्ती करायला हवी होती. सगळ्यांना समान वाढ आणि एकीला वगळणं, ही गणिताची रीत नाही. जी मुलगी जास्त कठीण स्पर्धांत उतरत होती, तिलाच त्याची शिक्षा झाली. चिबुर्दानिद्झेचा यात काडीचा दोष नव्हता. १७ व्या वर्षी नोना गॅप्रिंदाश्विलीला ८.५–६.५ हरवून तिनं मिळवलेलं विश्वविजेतेपद पूर्णपणे पटावरचं होतं. तरीही पुढची कित्येक वर्षं या दोघींचं वैर म्हणून ही गोष्ट सांगितली गेली.

त्याच पोल्गारला १९९९ मध्ये पुन्हा हा अनुभव आला. ती विश्वविजेती होती, बाळंतपण तोंडावर आलं होतं, म्हणून तिनं सामना पुढे ढकलायला सांगितलं. बक्षिसाची रक्कम वाढवावी अशीही तिची मागणी होती. तडजोड झाली नाही. फिडेनं तिचं पद काढून घेतलं आणि वर सांगितलेला शी जून–गाल्यामोवा सामना विश्वविजेतेपदाचा म्हणून खेळवला. पोल्गार क्रीडा लवादाकडे गेली. मार्च २००१ मध्ये समझोता झाला. वकिलांच्या खर्चापोटी तिला २५,००० डॉलर मिळाले, पद मिळालं नाही. रकमेच्या मागणीवर मतभेद होऊ शकतात. पण ज्या स्पर्धेच्या नावातच महिला आहे, तिच्या नियमांना बाळंतपणाचा विचार सुचू नये, हे मला आजही समजत नाही. शू युहुआ २००६ चं विश्वविजेतेपद गरोदरपणात जिंकली म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण ते कौतुक दुसरीनं मागितलेली मुदत नाकारायचं कारण होऊ शकत नाही. हम्पीनं मुलीच्या जन्मासाठी मोठी विश्रांती घेतली आणि परत येऊन मॉस्कोत २०१९ चं जागतिक जलद विजेतेपद मिळवलं.

त्या मॉस्कोच्या स्पर्धेतली एक बारीक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. हम्पी, लेई तिंगजी आणि तुर्कस्तानची एकातेरिना अतालिक अशा तिघींचे गुण सारखे होते, पण विजेतेपदाचा जादा सामना फक्त पहिल्या दोघींना मिळाला. अतालिक टायब्रेकरच्या, म्हणजे सारखे गुण असलेल्यांचा क्रम लावायच्या, हिशेबात तिसरी ठरली. हा हिशेब बहुतेक ठिकाणी आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांच्या बेरजेवर असतो. म्हणजे सकाळी जिला हरवलं ती संध्याकाळी शेवटचा डाव जिंकते की हरते, यावर आपलं पदक ठरतं. मोठ्या स्विस स्पर्धेत, म्हणजे दर फेरीला सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात अशा स्पर्धेत, दुसरा सोयीचा मार्ग नाही हे मान्य. पण पहिल्या जागेसाठी तिघी असतील तर तिघींना खेळवावं, असं माझं ठाम मत आहे.

स्विस पद्धतीवरून उठलेला दुसरा वाद २०१७ चा, जिब्राल्टरचा. चीनची होऊ यिफान शेवटच्या फेरीत उशिरा आली, पांढऱ्या मोहऱ्यांनी पहिल्याच चालीत राजाच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं, आणि पाच चालींत डाव सोडला. समोर भारताचा ललित बाबू होता. दहापैकी सात फेऱ्यांत तिला महिला प्रतिस्पर्धीच मिळाल्या, याचा तो निषेध होता. जोड्या लावताना संगणक काय बघतो? सारखे गुण असलेल्यांचा गट करतो, येलो गुणांनुसार त्यांची क्रमवारी लावतो, वरच्या अर्ध्या भागाची खालच्या अर्ध्याशी जोडी जमवतो, आधी झालेली जोडी टाळतो, आणि पांढरं-काळं यांचा तोल राखतो. स्त्री की पुरुष ही माहिती त्यात कुठेच वापरली जात नाही. जोड्या तपासल्या तेव्हा त्या नियमात बसणाऱ्याच निघाल्या. तरी होऊचा संशय वेडगळ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. जोड्या लावायचं काम बंद खोलीत होतं आणि खेळाडूला फक्त यादी दिसते. स्पर्धेची फाईल दिली की कोणालाही फिडेमान्य प्रणालीत टाकून प्रत्येक फेरी पुन्हा लावून बघता येते. ही फाईल दर फेरीनंतर खुली ठेवली, तर असा संशय एका संध्याकाळीसुद्धा टिकत नाही. डाव सोडण्याचा तिचा मार्ग मात्र चुकला. त्याचा फटका समोर बसलेल्या खेळाडूला आणि बक्षिसाच्या क्रमवारीतल्या इतरांना बसला.

होऊची त्याआधीची तक्रार जास्त वजनदार होती, आणि तिच्यामुळे बदल झाला. तेव्हा विश्वविजेतेपद एकदा ६४ जणींच्या बाद फेरीतून आणि एकदा सामन्यातून ठरत असे. बाद फेरीत विश्वविजेतीलाही पहिल्या फेरीपासून, दोन-दोन डावांच्या झटापटींत उतरावं लागे. २०१० ते २०१७ या काळात होऊ, उशेनिना, पुन्हा होऊ, मारिया मुझिचुक, परत होऊ, मग तान झोंगयी अशी विजेतेपदाची फिरकी झाली. होऊ या चक्रातून बाहेर पडली. २०१९ पासून आठ जणींची कँडिडेट्स स्पर्धा परत आली आणि विश्वविजेती सामन्यातच पद पणाला लावू लागली.

आरोपांबद्दल थोडं. २०१५ मध्ये जॉर्जियातल्या चाकवी इथे युरोपीय महिला स्पर्धेत रोमानियाच्या मिहाएला सांडूनं पहिले पाचही डाव जिंकले. तिच्याहून वरचं मानांकन असलेल्यांना ते पचलं नाही. डावांचं थेट प्रक्षेपण उशिरानं करावं असं एक पत्र गेलं, ते रास्त होतं. दुसऱ्या पत्रात सांडूचंच नाव घेऊन तिचे डाव थेट दाखवू नका अशी मागणी होती. तिच्याविरुद्ध पुरावा काहीच नव्हता. फिडेच्या नीतिमत्ता आयोगानं पुढे सह्या करणाऱ्यांपैकी काहींना दोषी धरलं. दोन्ही पत्रांतला फरक महत्त्वाचा आहे. सगळ्यांना लागू होणारी खबरदारी कोणीही, केव्हाही मागावी. एका व्यक्तीवर संशय असेल तर मुख्य पंचाकडे लेखी तक्रार द्यायची, त्यात नेमकं काय दिसलं ते लिहायचं, म्हणजे कितव्या चालीनंतर उठली, कुठे गेली, किती वेळानं आली. आणि मग गप्प राहायचं. ‘ती एवढी चांगली खेळूच शकत नाही’ हे काही निरीक्षण होत नाही. बिनबुडाची तक्रार करणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं.

२०२४ मध्ये दागेस्तानातल्या स्पर्धेत एका खेळाडूनं प्रतिस्पर्ध्याच्या पटावर पारा लावल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. ती बातमी आपल्याकडेही ‘बुद्धिबळातल्या बायकांची चुरस’ म्हणून चालली. तो फौजदारी गुन्ह्याचा मामला आहे. त्याला चुरस म्हणणं हा प्रामाणिकपणे खेळणाऱ्या सगळ्यांचा अपमान आहे.

राजकारणातून आलेले तंटे मी वेगळे काढते, कारण तिथे खेळाडूच्या हातात फारच थोडं असतं. २०१४ मध्ये कातेरिना लाग्नो युक्रेनकडून रशियाकडे गेली. तिच्यासाठी थांबल्यानं रशियाच्या महिला संघाची नावं ट्रॉम्सो ऑलिम्पियाडच्या १ जूनच्या मुदतीत गेली नाहीत. आयोजकांनी आधी संघ नाकारला, नंतर फिडेच्या दबावानं घेतला, आणि त्या संघानं सुवर्ण जिंकलं. मुदत पाळणाऱ्या बाकी संघांना काय वाटलं असेल? २०२२ च्या कँडिडेट्समध्ये युक्रेनच्या मुझिचुक भगिनी आणि रशियाच्या तिघी लवकर समोरासमोर येऊ नयेत म्हणून मोनॅको आणि खिवा असे दोन वेगळे गट केले. तात्पुरती सोय म्हणून ते शहाणपणाचं होतं. २०२४ मध्ये टोरोंटोला परत सगळ्या एकत्र, दुहेरी साखळी, १४ फेऱ्या. तिथला एक नियम मला फार आवडतो. एकाच देशाच्या खेळाडू पहिल्याच फेरीत भिडल्या, तान विरुद्ध लेई, हम्पी विरुद्ध वैशाली, गोर्याच्किना विरुद्ध लाग्नो. शेवटी शेवटी मैत्रिणीला गुण सोडला, अशी कुजबुजच नको, म्हणून तो नियम आहे.

आपल्या क्रीडा विभागाला विनंती आहे. पुढच्या वेळी असा वाद झाला की बातमीसोबत चौकटीत एवढं छापावं: डावाची वेळ किती आणि चालीमागे वाढ किती, हरकत डाव चालू असताना घेतली की संपल्यावर, पंचानं काय लिहून दिलं, आणि अपील केलं असेल तर ते मुदतीत होतं का. स्कोअरशीटवर दोघींच्या सह्या झाल्या होत्या का, हेही विचारा. सही झालेला निकाल पंचानं वेगळं ठरवलं नाही तर कायम राहतो, आणि नंतरच्या बऱ्याच आरडाओरड्याचा निवाडा या एका प्रश्नात होतो. हे सगळं मुख्य पंचाकडे मिळतं. डाव संपल्यावर खेळाडूंच्या मागे धावण्याआधी पाच मिनिटं त्यांच्या टेबलाशी थांबावं.

आपली,
बुद्धिबळाची एक वाचक